पन्नास शून्यं आणि दोन एक : बोस्टन, १ मे १९२०

वहीवाला

शनिवारी संध्याकाळी एक जुना बेसबॉल सामना आखीव वहीत उतरवून काढला. दोन ओळी, प्रत्येक ओळीत २६ रकाने, म्हणजे एकूण ५२. त्यातल्या ५० रकान्यांत शून्य, फक्त दोन रकान्यांत एक.

ब्रुकलिन : ००० ०१० ००० । ००० ००० ००० । ००० ००० ०० = १
बोस्टन : ००० ००१ ००० । ००० ००० ००० । ००० ००० ०० = १

दहाबारा शून्यं झाली की हात आपोआप चालायला लागतो. मग एकदम जाणवतं, आपण क्षणात काढतोय त्या प्रत्येक गोलामागे तीन माणसं बाद करावी लागली होती, आणि प्रत्येक संघासाठी ते काम पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच माणसाने केलं.

बेसबॉल न पाहणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. दोन्ही संघांची एकेकदा फलंदाजी झाली की एक इनिंग. संघाचे तिघे बाद झाले की त्याची पाळी संपते. फलंदाज बेस नावाचे टप्पे ओलांडत, जिथून निघाला त्या 'घरी' परत आला की एक धाव. सामना ९ इनिंगचा. बरोबरी झाली तर दहावी, अकरावी असं निकाल लागेपर्यंत खेळत राहायचं. चेंडू टाकणारा तो पिचर. आपल्यासारखं षटकामागून गोलंदाज बदलणं नाही. पिचर थकला किंवा मार खायला लागला की त्याला काढतात, आणि एकदा काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही.

१ मे १९२० ला बोस्टनच्या ब्रेव्ह्ज फील्डवर नॅशनल लीगमधले दोन संघ उतरले, बोस्टन ब्रेव्ह्ज आणि ब्रुकलिन रॉबिन्स (विल्बर्ट रॉबिन्सन या मॅनेजरच्या आडनावावरून पडलेलं नाव). गार हवा, ओलं मैदान, प्रेक्षक जेमतेम काही हजार. खेळ दुपारी ३ वाजता सुरू झाला. ब्रुकलिनकडून लिऑन कॅडोर, बोस्टनकडून जो ओश्गर. पावणेसातनंतर अंपायर बॅरी मॅककॉर्मिकने अंधारामुळे खेळ थांबवला तेव्हा २६ इनिंग झाल्या होत्या, धावसंख्या १-१ होती आणि तरीही कॅडोर आणि ओश्गरच चेंडू टाकत होते.

कॅडोर : २६ इनिंग, १५ हिट, ५ वॉक, ७ स्ट्राइकआउट, १ धाव.
ओश्गर : २६ इनिंग, ९ हिट, ४ वॉक, ७ स्ट्राइकआउट, १ धाव.

(फटका मारून फलंदाज सुखरूप बेसवर पोचला तो हिट. चार चेंडू बाहेर गेल्यावर फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो, तो वॉक. तीन स्ट्राइकवर बाद तो स्ट्राइकआउट.)

ज्यासाठी हा धागा काढला ती गोष्ट आता सांगतो. बेसबॉलमध्ये पिचरच्या नावापुढे सगळ्यात आधी विजय-पराभव लिहितात. त्या मोसमात कॅडोरचे १५ विजय, १४ पराभव. ओश्गरचे १५ विजय, १३ पराभव. या दोन जोड्यांत १ मे कुठेच नाही. सामना बरोबरीत सुटला, म्हणून दोघांनाही ना विजय ना पराभव. इनिंग, हिट, धावा जमेस धरल्या, पण ज्या रकान्यावरून लोक पिचर चांगला की वाईट ठरवायचे, त्या रकान्यात मेजर लीगमधला (म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च पातळीवरचा) सगळ्यात जास्त इनिंगचा सामना खेळलाच गेला नाही. मला हे फार लागलं. आकड्यांवर माझं प्रेम आहे म्हणूनच लागलं.

---

कुतूहल

क्रिकेटपलीकडे मला काही कळत नाही, पण वाचताना मान वर केली नाही. एक शंका : धावा झाल्या कशा? ५० शून्यांमध्ये ते दोन एक आले कुठून?

---

वहीवाला

@कुतूहल, दोन्ही एक लागोपाठच्या इनिंगमध्ये आले. पाचवीत ब्रुकलिनचा कॅचर (पिचरचा चेंडू घरच्या बेसमागे पकडणारा) अर्नी क्रूगर वॉक मिळून पहिल्या बेसवर आला. पुढचा फलंदाज खुद्द कॅडोर. त्याने मारलेला चेंडू सरळ ओश्गरकडे गेला. स्वच्छ पकडला असता तर दोघेही बाद झाले असते, पण ओश्गरच्या हातून क्षणभर निसटला आणि पहिल्या बेसवर एकटा कॅडोरच बाद करता आला. क्रूगर दुसऱ्यावर पोचला आणि आयव्ही ऑल्सनच्या हिटवर घरी आला.

सहावीत बोस्टनच्या वॉल्टन क्रूझने तीन बेसचा फटका मारला आणि टोनी बोकेलच्या हिटवर तो घरी आला. लगेच रॅबिट मॅरनव्हिलने दोन बेसचा फटका हाणला, बोकेल घराकडे धावला आणि तिथेच बाद झाला. तो पोचला असता तर बोस्टन २-१ असं ९ इनिंगमध्ये जिंकलं असतं आणि या सामन्याचं नाव आज कुणी घेतलं नसतं.

ओश्गरने पुढच्या २१ इनिंगमध्ये एकही धाव दिली नाही, कॅडोरने २० मध्ये. 

---

चार्ल्सकाठची

मी बोस्टनला राहते आणि रोज कॉमनवेल्थ अ‍ॅव्हेन्यूवरून ट्रामने जाते, त्यामुळे धागा उघडल्यावर अंगावर काटाच आला. ब्रेव्ह्ज फील्डच्या जागी आता बोस्टन विद्यापीठाचं निकरसन फील्ड आहे. पण सगळं गेलेलं नाही. उजव्या बाजूचा प्रेक्षकांचा स्टँड आहे, तिकिटं विकायची ती छोटी इमारतही उभी आहे. कितीतरी विद्यार्थी त्या पायऱ्यांवर डबा खातात.

मैदान १९१५ मध्ये झालं तेव्हा मुद्दाम प्रचंड मोठं बांधलं होतं. चेंडू भिंतीबाहेर मारणं जवळपास अशक्य, फलंदाजांनी धावून बेस घ्यावेत अशी मालकांची हौस. २६ इनिंगमध्ये एकही होमरन नाही याचा मैदानाशीही संबंध आहे, एवढं नोंदवते.

---

जुना स्कोअरर

तीस वर्षे मुंबईच्या मैदानांवर क्रिकेटचे स्कोअरिंग केले आहे. पावसाळी सामन्यांत वही प्लॅस्टिकखाली धरून पेन्सिलीने लिहायचे, कारण शाई पसरते. तेव्हा वहीवाल्यांनी वहीत उतरवून काढले हे वाचून बरे वाटले. सामना हातातून गेल्याशिवाय कळत नाही.

दोन गोष्टी. एक म्हणजे बेसबॉलचा हा तक्ता क्रिकेटच्या घरातूनच गेलेला आहे. हेन्री चॅडविक नावाचा इंग्लंडात जन्मलेला पत्रकार न्यूयॉर्कमध्ये आधी क्रिकेटचे वृत्तांत लिहीत असे. क्रिकेटच्या धावफलकावरून त्याने बेसबॉलचा तक्ता बसवला. स्ट्राइकआउटला 'के' हे अक्षर त्यानेच दिले. 'स्ट्रक' या शब्दातले शेवटचे अक्षर उचलले, कारण 'एस' आधीच दुसऱ्या कामाला लावलेले होते.

दुसरे म्हणजे ताळा. क्रिकेटमध्ये फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर बरोबर गोलंदाजांनी दिलेल्या धावा अधिक बाय-लेगबाय, हे जुळले पाहिजे, नाही जुळले तर स्कोअरर घरी जात नाही. बेसबॉललाही तसाच ताळा आहे : फलंदाजीला आलेले जितके, ते सगळे एक तर धाव काढून घरी आले, किंवा बाद झाले, किंवा बेसवर अडकून राहिले. चौथा मार्ग नाही. २६ इनिंगचा ताळा हाताने, कंदील लागायच्या वेळी जुळवणारा तो स्कोअरर कोण असेल, त्याला माझा नमस्कार.

---

वहीवाला

@जुना स्कोअरर, ताळ्याबद्दल लिहिलंत त्यामुळे वही परत उघडली. बोस्टनने २६ इनिंगमध्ये एकूण ७८ बाद केले. त्यातले ४२ एकट्या पहिल्या बेसवरच्या वॉल्टर होल्कीच्या नावावर आहेत. नेहमीच्या ९ इनिंगच्या सामन्यात अख्खा संघ मिळून २७ बाद करतो. होल्कीने एका दुपारी दीड सामन्याचे बाद स्वतःच्या हातमोज्यात घेतले.

---

जुना स्कोअरर

४२! मग एक गोष्ट तक्त्यातूनच दिसते. पहिल्या बेसवर इतके बाद म्हणजे चेंडू जमिनीवरून जात होते आणि आतल्या फळीतले क्षेत्ररक्षक उचलून तिकडे फेकत होते. स्ट्राइकआउट २६ इनिंगमध्ये फक्त ७ आहेत, म्हणजे ओश्गर फलंदाजाला चकवून बाद करत नव्हता, त्याच्याकडून खाली, जमिनीवर मारून घेत होता. खांदा वाचवायची हीच रीत असणार. प्रत्येकाला तीन स्ट्राइकवर बाद करायला गेला असता तर पंधराव्या इनिंगच्या पुढे टिकला नसता.

सामना न पाहता त्याची चाल अशी ओळखू यावी, यासाठीच तर तक्ता असतो.

---

निशिगंध

सुंदर धागा. वाचनखूण साठवली. :)

---

उत्तररात्र

वातावरणाला थोडा छेद देतो, राग मानू नका. हा पराक्रम मोठा आहे, पण आजच्या डोळ्यांनी बघितला की जरा फुगतो असं मला वाटतं. १९२० पर्यंतचा काळ बेसबॉलमध्ये 'मेलेल्या चेंडूचा' मानला जातो. एकच चेंडू मळेपर्यंत, मऊ पडेपर्यंत वापरायचे. फलंदाज लांब मारायच्या फंदात पडत नसत. बॅट आखूड धरून चेंडू कुठेतरी मोकळ्या जागेत ढकलायचा. पिचरला प्रत्येक चेंडू जीव तोडून टाकावाच लागत नसे. त्यातून शेवटच्या इनिंग संधिप्रकाशात, चेंडू काळपट. शून्यं येणारच.

वेळ बघा : २६ इनिंगना ३ तास ५० मिनिटं, म्हणजे एका इनिंगला नऊ मिनिटंही नाहीत. २०२१ मध्ये ९ इनिंगचा साधा सामना सरासरी ३ तास १० मिनिटं चालत होता, म्हणजे इनिंगला २१ मिनिटं. फलंदाज पटापट मारत होते आणि पटापट बाद होत होते.

---

वहीवाला

@उत्तररात्र, राग कसला, हा मुद्दा यायलाच हवा होता. चेंडू आणि फलंदाजीची पद्धत याबद्दल पूर्ण मान्य.

पण 'जीव तोडून टाकावा लागत नसे' इथे थांबतो. त्या काळी टाकलेल्या चेंडूंची मोजणी ठेवत नसत. तरी ताळ्यावरून अंदाज करता येतो. कॅडोरला ७८ बाद करायचे होते, शिवाय १५ हिट, ५ वॉक. डबल-प्लेमध्ये (एकाच फटक्यावर दोघे बाद) गेलेले आणि बेसवर बाद झालेले वजा केले तरी नव्वदच्या बरेच पुढचे फलंदाज. एकाला सरासरी तीनच चेंडू धरले तरी पावणेतीनशेच्या वर. आज शंभरी आली की मॅनेजर डगआउटच्या (संघ बसतो त्या जागेच्या) पायरीवर येऊन उभा राहतो. हे चेंडू हळू होते असं धरू, पण एका माणसाच्या एका खांद्यातून, थंडीत, एका दुपारी गेलेच ना.

आणि एक बघा. दोन्ही संघांनी कॅचर बदलले. ब्रुकलिनचा क्रूगर गेला, राउडी एलियट आला. बोस्टनचा मिकी ओनील गेला, हँक गाउडी आला. चेंडू पकडणारे बदलले, टाकणारे नाही.

---

चार्ल्सकाठची

कॅडोरने नंतर सांगितलं होतं, की तीन दिवस केस विंचरायला हात वर होत नव्हता. आणि आठवड्याभराने तो परत नेहमीच्या पाळीने मैदानात उतरला.

---

उत्तररात्र

ते केसांचं वाचून गप्प बसलो. 'फुगतो' हा शब्द मागे घेतो. काळ वेगळा होता एवढंच म्हणायचं होतं, श्रम कमी होते असं नाही.

तो काळ त्याच दिवशी संपत होता, ही गोष्टही इथे असायला हवी. १ मे १९२० ला, याच दुपारी, न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर बेब रूथने यँकीजकडून पहिला होमरन मारला. समोरचा संघ बोस्टनचाच, पण दुसरा : रेड सॉक्स, ज्यांनी आधीच्या हिवाळ्यात रूथला विकून टाकलं होतं. पिचर हर्ब पेनॉक. रूथने त्या मोसमात ५४ होमरन मारले, त्या आधी कुणाच्या स्वप्नातही नसलेला आकडा. म्हणजे बोस्टनमध्ये दोघं जण एकेका धावेसाठी २६ इनिंग झगडताहेत आणि रेल्वेने काही तासांवर एक माणूस चेंडू छपरापलीकडे पाठवून एका फटक्यात हिशोब मिटवतोय.

नियमही तेव्हाच बदलत होते. त्या फेब्रुवारीत थुंकी लावून किंवा खरवडून चेंडू टाकायला बंदी आली होती, मोसमानंतर फक्त १७ जुन्या पिचरची सूट कायम राहिली. ऑगस्टमध्ये क्लीव्हलँडच्या रे चॅपमनला कार्ल मेजचा चेंडू डोक्याला लागला आणि तो दुसऱ्या दिवशी गेला. त्यानंतर अंपायर मळलेले चेंडू बदलायला लागले. पांढरा चेंडू नीट दिसायला लागला, लांब जायला लागला. १ मे सारखा सामना त्यानंतर होणं अवघडच होतं.

---

वहीवाला

रूथची तारीख मला माहीत होती आणि सामन्याचीही. दोन्ही एकच आहेत हे कधी जुळवलंच नव्हतं. मनापासून आभार.

---

कुतूहल

मधल्या २० इनिंगमध्ये कुणी जिंकायच्या जवळ आलंच नाही का?

---

वहीवाला

आले, दोन्ही संघ. नवव्या इनिंगमध्ये बोस्टनचे तिन्ही बेस भरलेले, एकच बाद. एक धाव आणि सगळे घरी. फलंदाज चार्ली पिक. त्याचा जमिनीवरचा फटका ऑल्सनकडे गेला. ऑल्सनने समोरून धावत येणाऱ्याला चेंडू टेकवला, लगेच पहिल्या बेसवर फेकला, दोघे बाद. या पिकचा त्या दिवशीचा आकडा वाचवत नाही : ११ वेळा फलंदाजी, शून्य हिट. सामन्यात १५ हिट मारणाऱ्या संघात तो होता.

आणि सतरावी. माझ्या मते अख्ख्या सामन्याचा प्राण तिथे आहे. ब्रुकलिनचे तिन्ही बेस भरलेले, एक बाद. तिसऱ्या बेसवर झॅक व्हीट, दुसऱ्यावर एड कोनेची. एलियटचा फटका थेट ओश्गरकडे. पाचव्या इनिंगमध्ये असाच चेंडू त्याच्या हातून निसटला होता. या वेळी त्याने स्वच्छ उचलला आणि घरी फेकला, व्हीट बाद. गाउडीने एलियटला टिपायला पहिल्या बेसवर फेकला, पण फेक खराब गेली, होल्कीला चेंडू नीट पकडता आला नाही. हे बघून कोनेची थांबलाच नाही. तिसरा बेस ओलांडून तो सरळ घराकडे सुटला. होल्कीने चेंडू सावरून परत गाउडीकडे फेकला, आणि गाउडीने रेषेवर आडवं झोकून देऊन कोनेचीला टिपलं. तिसरा बाद.

तक्त्यात याची खूण फक्त आकड्यांची : १-२-३-२. पिचर, कॅचर, पहिला बेस, परत कॅचर. सहा-सात सेकंदांचा खेळ आणि चार आकडे. मी वहीत त्या आकड्यांभोवती चौकोन काढलाय.

त्यानंतर ब्रुकलिनला एकही हिट मिळाला नाही. १८ ते २६, म्हणजे पूर्ण नऊ इनिंग. एका पिचरने एका पूर्ण सामन्यात एकही हिट दिला नाही तर त्याचं नाव कायमचं कोरलं जातं. ओश्गरने १७ इनिंग टाकून झाल्यावर तेवढ्याच लांबीचं काम केलं, आणि त्याची वेगळी नोंद कुठल्याच यादीत जात नाही, कारण ते सामन्याच्या शेपटीत आलं.

---

दक्षिणमुखी

ओश्गरबद्दल एक भर घालते. लांबणारे सामने जणू त्याचा माग काढत यायचे. ३० एप्रिल १९१९ ला, म्हणजे बरोबर एक वर्ष आणि एक दिवस आधी, तो फिलाडेल्फियाकडून याच ब्रुकलिनविरुद्ध २० इनिंग टाकत होता. तोही सामना ९-९ असा बरोबरीत. समोर बर्ली ग्राइम्स, त्यानेही सगळ्या २० टाकल्या. म्हणजे दोन सामने, ४६ इनिंग, आणि विजय-पराभवाच्या रकान्यात काही नाही.

पुढच्याच वर्षी, १९२१ मध्ये, त्याने २० विजय मिळवले. कारकिर्दीचा हिशोब मात्र ८२ विजय, ११६ पराभव. कॅडोरचा ६८-७२. दोघांचेही पराभव जास्त. नुसती ती जोडी पाहून कुणी 'साधारण पिचर' म्हणून पुढे जाईल.

---

जुना स्कोअरर

दक्षिणमुखी, ४६ इनिंगचा हिशोब अगदी मनाला लागला. विजय-पराभव हा रकाना मुळात संघाचा आहे, तो एका माणसाच्या गळ्यात बांधला. क्रिकेटमध्ये आपण गोलंदाजाला सामना जिंकल्याचे गुण देत नाही, षटके, निर्धाव, धावा, बळी एवढेच लिहितो. यात मला आपली पद्धत जास्त न्यायाची वाटते.

त्याच कसोटीवर बघू. दर इनिंगला किती जणांना बेसवर येऊ दिले? ओश्गर : ९ हिट आणि ४ वॉक, १३ भागिले २६, बरोबर अर्धा. दोन इनिंगमध्ये मिळून एक माणूस. कॅडोर : २० भागिले २६, ०.७७. आजही एखाद्या पिचरने पूर्ण मोसमात सरासरी १ च्या खाली ठेवली तर त्याचे कौतुक होते. या दोघांनी ती तीन सामन्यांइतक्या लांबीवर ठेवली.

कॅडोरचे मोठेपण वेगळ्या जागी आहे. त्याने ओश्गरपेक्षा ६ हिट जास्त दिले, वॉकही एक जास्त, म्हणजे तो जास्त वेळा अडचणीत आला. तरी धाव एकच. बोस्टनचे लोक बेसवर येत राहिले आणि तिथेच राहिले.

---

कुतूहल

तीन सामन्यांइतक्या म्हणजे २७ हवेत ना? एक कमी पडली.

---

वहीवाला

@कुतूहल, नेमकं हेच ऑल्सन म्हणाला होता! मॅककॉर्मिकने खेळ थांबवल्यावर तो अजून एक इनिंग खेळू द्या म्हणून मागे लागला, म्हणजे तीन पूर्ण सामने खेळलो असं आयुष्यभर सांगता येईल. अंपायरने ऐकलं नाही. दिवसभर उभा होता तोही, घरच्या बेसमागे, सगळ्या २६ इनिंग.

---

निशिगंध

विक्रम अजून टिकून आहे का? मध्ये कुठेतरी ३३ इनिंगचं वाचल्यासारखं वाटतं.

---

उत्तररात्र

@निशिगंध, ३३ इनिंगचा सामना १९८१ मधला, पॉटकेट विरुद्ध रॉचेस्टर, पण ती मायनर लीग, म्हणजे खालच्या पातळीची. मेजर लीगमध्ये इनिंगच्या हिशोबात २६ च सगळ्यात जास्त. त्याआधीचा आकडा २४ होता, १ सप्टेंबर १९०६, तोही बोस्टनमध्येच. फिलाडेल्फियाने ४-१ ने जिंकला, आणि त्यातही दोघा पिचरनी, जॅक कूम्ब्स आणि जो हॅरिस यांनी, सगळ्या इनिंग टाकल्या.

नंतर सगळ्यात जवळ पोचलेल्यांपैकी एक म्हणजे मे १९८४ मधला शिकागो व्हाइट सॉक्स आणि मिलवॉकीचा सामना, २५ इनिंग. दोन दिवसांत मिळून ८ तास ६ मिनिटं लागली. १९२० पेक्षा एक इनिंग कमी आणि दुपटीहून जास्त वेळ. आता तर जादा इनिंगला दुसऱ्या बेसवर आधीच एक माणूस उभा करतात, सामना लवकर संपावा म्हणून. तेव्हा २६ ला हात लागण्याची शक्यता नाहीच म्हणा.

---

दक्षिणमुखी

पुढचे दोन दिवस कुणी लिहिले नाहीत अजून?

ब्रुकलिनची खरी परीक्षा नंतर झाली. तेव्हा बोस्टनमध्ये रविवारी व्यावसायिक बेसबॉल खेळायला कायद्याने परवानगी नव्हती, ती मिळाली १९२९ च्या मोसमात. न्यूयॉर्कमध्ये मात्र १९१९ पासून होती. म्हणून शनिवारच्या २६ इनिंग झाल्यावर संघ ब्रुकलिनला गेला, रविवारी २ मे ला फिलाडेल्फियाशी खेळला आणि १३ इनिंगमध्ये ३-४ हरला. तेवढ्यासाठी गेले आणि परत बोस्टनला आले, कारण सोमवारी ३ मे ला पुन्हा ब्रेव्ह्ज. हा सामना १९ इनिंग चालला, ब्रुकलिन १-२ हरले. त्यातही दोन्ही बाजूंनी एकेकच पिचर : ब्रुकलिनचा शेरी स्मिथ, बोस्टनचा डेना फिलिंगिम.

२६ अधिक १३ अधिक १९, तीन दिवसांत ५८ इनिंग, विजय शून्य. आणि त्या वर्षी नॅशनल लीग कुणी जिंकली? ब्रुकलिनने. बोस्टन सातवं आलं.

---

कुतूहल

५८ इनिंग खेळून एकही विजय नाही आणि तरी लीग जिंकली. हे वाचून खूप धीर आला, का ते सांगत बसत नाही.

---

चार्ल्सकाठची

आज कामावरून सुटल्यावर मुद्दाम निकरसन फील्डला उतरले. विद्यार्थ्यांचा सॉकरचा सराव चालू होता. जुन्या स्टँडच्या वरच्या पायरीवर बसून वहीवाल्यांच्या त्या दोन ओळी मोबाइलवर उघडल्या. ४०,००० माणसांसाठी बांधलेल्या मैदानात त्या दिवशी काही हजारच होती, त्यांतली काही नक्कीच या स्टँडमध्ये बसली असतील. गार वारा चार्ल्स नदीकडून येतो तो अजून तसाच येतो. पाऊण तास बसले आणि बोटं गारठली. त्यांच्या हातात तर चेंडू होता.

फोटो काढलेत, उद्या टाकते.

---

वहीवाला

@चार्ल्सकाठची, फोटोंची वाट बघतोय. तिकीटघराचाही हवा.

---

जुना स्कोअरर

मीही काल कागद घेऊन बसलो. २६ रकान्यांचा कागद बाजारात मिळत नाही, दोन जोडून चिकटवले. सामना पूर्ण उतरवला, आणि सर्वांत शेवटी, सवयीने, निकालाच्या जागी पेन्सिल टेकवली आणि तशीच उचलली.

आता दुसऱ्या कागदावर १९ रकाने आखून ठेवले आहेत, ३ मे चा सामना. दक्षिणमुखी, इनिंगवार धावा तुमच्याकडे असतील तर द्याल का? स्मिथच्या नावापुढे पराभव लिहायचा आहे, तो सगळ्यात शेवटी लिहीन.